फ्लॉपीभर विरजण

माझ्या नणंदेच्या यजमानांनी हात लावल्यावर बंद पडलं नाही असं यंत्र मी पाहिलेलं नाही, आणि बंद पडलेलं यंत्र त्यांनी तसंच टाकून दिलेलंही पाहिलेलं नाही. या दोन गोष्टींच्या मध्ये जो वेळ जातो, त्यात माझी चांगली काही वर्षं गेली. तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रारीची तेव्हाही सोय नव्हती, कारण ते घरचे जावई होते. आमच्या सासूबाईंच्या लेखी दोघं कधी चुकत नसत, देव आणि जावई, आणि त्यातल्या देवाला त्या अधूनमधून बोलत तरी.

पनवेलच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, माझं डीटीपीचं काम चालायचं. आधी तिथे टायपिंगचा क्लास होता. मुलं टाइपरायटरकडे आजोबांकडे बघावं तशी बघायला लागली, तेव्हा मी यंत्रं विकली आणि एक कॉम्प्युटर व एक प्रिंटर घेतला. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, सरकारने घेतलेल्या जमिनींपोटी साडेबारा टक्के परत मागणारे अर्ज, हॉटेलांची दरपत्रकं, जे येईल ते जुळवून, बटर पेपरवर छापून प्रेसला द्यायचं. त्याच सुमाराला नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, उरणच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. तिथे ते मीटर आणि व्हॉल्व्ह सांभाळत. रोडपालीच्या घरी कायमचे राहायला आल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी स्वतःचा मिक्सर, स्वतःची इस्त्री आणि शेजाऱ्यांचा टीव्ही उघडला. दुसऱ्या महिन्यात नणंद त्यांना घेऊन माझ्या दुकानात आली. म्हणाली, "वहिनी, हे इथे बसतील. तुझ्याकडे मशीन आहे, यांच्याकडे वेळ आहे." मी काही बोलायच्या आत ती जिना उतरून गेलीसुद्धा. माझ्या लग्नात सामान उतरवून ट्रकवाला जसा गेला होता, तशी.

तेव्हापासून भावजी रोज यायचे. दाराबाहेर चपला काढायचे आणि दुसऱ्यांनाही काढायला लावायचे. "धूळ ही कॉम्प्युटरची वाळवी आहे," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. मग हात-पाय धुऊन, बाह्या दुमडून, तांब्याच्या तारेचं एक टोक मनगटाला आणि दुसरं खिडकीच्या गजाला बांधून मशीनसमोर बसत. अंगातली वीज मशीनमध्ये न जाता गजातून उतरावी, असा त्यामागचा विचार. विचार बरोबर होता, पण दिसायला ते बरं दिसत नसे. एकदा मुलीची पत्रिका छापायला आलेल्या एका गृहस्थांनी खिडकीला बांधलेला हा माणूस बराच वेळ न्याहाळला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "यांना हे कधीपासून?"

"निवृत्त झाल्यापासून," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मजकूर तिथेच ठेवून संध्याकाळी येतो म्हणून गेले.

बिघाड कुठलाही असो, आधी जबानी व्हायची. "वहिनी, याला कोणी हात लावला होता?"

"हात लावल्याशिवाय टाइप होत नाही, भावजी."

"तसा हात नव्हे. बंद पडायच्या आधी शेवटचा हात कोणाचा?"

"माझाच. मशीन माझं आहे."

"म्हणजे तुम्ही कबूल करता," असं म्हणून ते समाधानाने पेचकस उचलत. मशीन उघडलं की स्क्रू ठेवायला त्यांना वाट्या लागत. त्यासाठी त्यांनी पहिल्याच आठवड्यात सासूबाईंचं पितळी पंचपाळं मागून घेतलं होतं, पाच वाट्यांचं, हळदीकुंकू ठेवायचं. जावयाने मागितलं म्हणून सासूबाईंनी ते विसळायलाही न थांबता दिलं. त्यामुळे आमच्या मशीनचे स्क्रू कायम पिवळे असत, आणि चैत्रात हळदीकुंकवापुरतं पंचपाळं घरी नेलं तेव्हा एका शेजारणीच्या कपाळी कुंकवाबरोबर बारीक वॉशरही लागला.

त्यांचा मोठा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक वायर बदलायची, मशीन सुरू करायचं, काय होतं ते बघायचं, आणि बघता बघता चहा प्यायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणाच्या गुणाने बरं झालं ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुरुस्ती कुठवर आली हे मला साखरेच्या डब्यावरून कळायचं. डबा तळाला गेला म्हणजे बिघाड मोठा.

आमच्या घराण्यातला सगळ्यात मोठा बिघाड एका पुस्तकापायी झाला. पनवेलजवळच्या एका गावाने गावदेवीचं देऊळ नव्याने बांधलं होतं. जमिनी गेल्या, मिठागरं बुजली, हातात पैसा आला, आणि गावाने पहिली गोष्ट केली ती देवीला संगमरवर चढवला. कार्तिकात कळस बसायचा होता आणि त्या दिवशी वाटायला स्मरणिका हवी होती. स्मरणिका म्हणजे साधी नव्हे. गावातल्या एकेका घराचा फोटो, खाली माणसांची नावं, आणि मागच्या भागात मिठागरांवर काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांचे जुने फोटो, कोणाकोणाच्या पत्र्याच्या पेटीतून काढलेले. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष स्वतः काम घेऊन आले. पांढरा सफारी, गळ्यात साखळी, आता इमारती बांधतात, पण बापाबरोबर मिठाचं टोपलं वाहिलेलं होतं. दारात चपला काढायला सांगितल्यावर त्यांनी मुकाट्याने काढल्या.

"बाई, ह्या पुस्तकात आमची सगली म्हातारी हायेत," ते म्हणाले. "कळसाच्या दिशी येतील बघाला. पुढच्या साली कोण हाय, कोण नाय. दिवस चुकाला नको."

मी दिवस चुकणार नाही असं सांगितलं. मी असा शब्द सहसा देत नाही.

एवढे फोटो माझ्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये मावेनात. म्हणून मोठी डिस्क आणली. ती मोठी आहे हे माझ्या जुन्या मशीनला पटेना. म्हणून भावजी मुंबईला जाऊन एक कंट्रोलर कार्ड घेऊन आले. ते मशीनमध्ये खोचलं की डिस्क ओळखू येते. कार्डाबरोबर डब्यात एक फ्लॉपी होती. तिच्यात ड्रायव्हर होता, म्हणजे कार्डाशी कसं बोलायचं हे मशीनला शिकवणारा छोटासा प्रोग्रॅम. या कार्डाचं आणि ड्रायव्हरचं जमलं तर सगळं जमलं. नाही जमलं तर मोठा फोटो उघडला की पडदा निळा पडायचा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात आपण काय पाप केलं ते लिहून यायचं. सुरुवातीला ते रोज लिहून येई. भावजींनी एकेक गोष्ट बदलत, माझी साखर संपवत, ते थांबवलं. गणपती गेले तोवर मशीन सुरळीत चाललं होतं.

अध्यक्ष मधूनमधून बघायला येत. एकदा पडदा निळा पडलेला असतानाच आले. भावजींनी खिडकीला बांधलेल्या अवस्थेतच त्यांना समजावून सांगितलं. "पळस्पे फाटा माहीत आहे ना? तिथे पोलीस उभा असतो. गोव्याच्या गाड्या इकडे, पुण्याच्या तिकडे. हे कार्ड म्हणजे तो पोलीस. आणि ड्रायव्हर म्हणजे त्याला वरून मिळालेला हुकूम. आता वरच्याने हुकूम दिला दुसऱ्याच फाट्याचा, तर पोलीस काय करील? सगळ्या गाड्या अडवील. तेच झालंय."

अध्यक्षांनी विचार केला. "मंग त्या पोलिसाला चायपानी द्या ना," ते म्हणाले. "आमच्या गाड्या तं कदी अडकत नाय."

भावजींना हे लागलं. लाच त्यांनी उभ्या जन्मात दिली-घेतली नव्हती. खरं म्हणजे त्यांचा प्रामाणिकपणा हाच त्यांचा सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा. एसटीत गर्दीमुळे कंडक्टर त्यांच्यापर्यंत पोचला नाही तर ते उतरल्यावर डेपोत जाऊन तिकीट मागत. डेपोतले लोक त्यांना येताना पाहून खिडकी बंद करत. त्यांच्यापायी मला विंडोज अस्सल, खोक्यातली विकत घ्यावी लागली. सबंध पनवेलीत अस्सल विंडोज दोनच ठिकाणी होती, एक बँकेत आणि एक माझ्याकडे, आणि बँकेचं मी खात्रीने सांगू शकत नाही. बाकी सगळं गाव एकमेकांकडून फ्लॉप्या उतरवून घेई. समोरच्या इमारतीत एका तरुण माणसाचा कॉम्प्युटर क्लास होता. क्लासवाले सर म्हणूनच त्यांना सगळे ओळखत. त्यांच्याकडे कपाटभर उतरवलेल्या फ्लॉप्या होत्या. त्यांनी एकदा मैत्रीने भावजींना एक प्रोग्रॅम देऊ केला. भावजींनी भरल्या वर्गात, मुलामुलींसमोर, त्यांना विचारलं, "तुमच्या घरी भांडीसुद्धा अशीच आलीत का?" तेव्हापासून सर आमच्याकडे बघून फक्त मान हलवत. मजा अशी की सरांनी मोठी डिस्क घेतली तेव्हा कार्ड मात्र भावजींना विचारून त्यांनी सांगितलेलंच आणलं.

आणि या तत्त्वामुळेच भावजींनी कार्डाबरोबर आलेल्या त्या फ्लॉपीची प्रत काढून ठेवली नव्हती. मी दोनदा सुचवलं होतं. "एक घेतली, एक वापरायची," ते म्हणाले. "दोन झाल्या तर दुसरी कोणाची?"

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला दुकानात पूजा झाली. मॉनिटरला झेंडूची माळ, प्रिंटरवर कुंकवाचं स्वस्तिक, माझी कात्री, पट्टी, पेचकस सगळं पाटावर. भावजी म्हणाले, "वहिनी, खरं शस्त्र हे," आणि त्यांनी ती ड्रायव्हरची फ्लॉपी पाटाच्या मधोमध ठेवली. तिच्या कागदी लेबलाच्या कोपऱ्याला, फार जपून, करंगळीच्या टोकाने गंधाचा ठिपका लावला. मग हात धुवायला बाहेर गेले. सासूबाई पाटाशी बसल्या होत्या. मी प्रसादाचे पेढे मोजत होते.

दुसऱ्या दिवशी दसरा. साडेतीन मुहूर्तांतला पूर्ण मुहूर्त. नवी विंडोज मागवलेली होती, ती भावजींनी बाकी कुठल्याही दिवशी न घालता दसऱ्याला घालायची म्हणून राखून ठेवली होती. सकाळी नारळ फोडला, जुनी काढली, नवी घातली. सगळं छान चाललं. शेवटी ड्रायव्हर घालायची पाळी आली. फ्लॉपी सरकवली. मशीन कुरकुरलं आणि म्हणालं, वाचता येत नाही. पुन्हा घातली. पुन्हा तेच. भावजींनी फ्लॉपी बाहेर काढली, तिचं पत्र्याचं झाकण नखाने सरकवलं आणि आत बघितलं. आतल्या काळ्या चकतीवर ओल्या हळदीचं एक बोट उठलं होतं, वर दोन अक्षता चिकटलेल्या.

त्यांनी झाकण सोडून दिलं. मग म्हणाले, "माझ्याच हातून झालं. गंध लावताना बोट घसरलं."

माझे यजमान सोनं द्यायला आलेले होते. ते म्हणाले, "होतं असं." सासूबाई काही बोलल्या नाहीत. मीही नाही. जावयाला काय बोलणार?

नव्या विंडोजने आपल्या पोतडीतला कुठलातरी ड्रायव्हर त्या कार्डाला दिला. त्यावर मशीन सुरू व्हायचं, पत्राचं पान उघडायचं, आणि स्मरणिकेची फाइल उघडली की पडदा निळा. सगळं काम डिस्कवर जागच्या जागी होतं, एक अक्षर हललेलं नव्हतं, फक्त आमच्या हाती येत नव्हतं. फाइल अख्खी फ्लॉपीत मावत नव्हती म्हणून तिची दुसरी प्रत नव्हती. फोटो तर परत केलेले, घरोघरी पेट्यांत जाऊन बसलेले. पुन्हा गोळा करून पुन्हा जुळवायचे म्हटले तर कळस बसून पुढचा कळस आला असता. कार्तिक काही लांब नव्हता.

भावजी मुंबईला गेले आणि तसंच नवीन कार्ड घेऊन आले, म्हणजे त्याच्या डब्यातली फ्लॉपी हक्काची होईल. डबा तोच, कार्ड दिसायला तेच. पण आतली चिप बदललेली होती. नवी फ्लॉपी जुन्या कार्डावर चालेना, आणि नव्या कार्डाला आमच्या मोठ्या डिस्कवरचं काहीच ओळखता येईना. सावत्र आई येऊन मुलांची नावं विचारते, तसं ते प्रत्येक वेळी ही डिस्क कोरी आहे का म्हणून विचारायचं. भावजी घाईने 'नाही'चं बटण दाबायचे. तरीही एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम सुटला नव्हता. एक बदल, एक चहा. मी चहा करून देत होते आणि हिशेब करत होते, की अध्यक्षांना काय सांगायचं.

अध्यक्ष आलेच. त्यांना निळा पडदा दिसला. "पोलीस अजून तसाच हाय?" त्यांनी विचारलं.

"तसाच," भावजी म्हणाले.

अध्यक्ष स्टुलावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "बाई, मना खरा सांगा," ते म्हणाले. "नाय होत तं नाय म्हना. म्हाताऱ्यांना मी सांगून ठेवलाय. रोज इचारतात, आमचा फोटू कवा येल. एकदोगांना दिसत पन नाय, तरी इचारतात."

मी समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं. "भावजी, क्लासवाल्या सरांकडे हेच कार्ड आहे. तुम्हीच सांगितलेलं. हीच फ्लॉपी आहे. पाच मिनिटांचं काम आहे."

"उतरवून आणायची?" दरोडा घालायचा का, अशा सुरात त्यांनी विचारलं. मग खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, चूक माझी. पण एका चुकीवर दुसरी घालायची नाही."

तत्त्व त्यांचं होतं, शब्द माझा गेलेला होता, आणि वाट म्हातारी माणसं बघत होती. हा हिशेब मला जुळत नव्हता. पण घरच्या जावयाला गिऱ्हाइकासमोर काय सुनावणार. मी अध्यक्षांना एक आठवडा मागितला आणि आम्ही जेवायला घरी गेलो.

घरी सासूबाईंनी पान वाढलं. भावजी दोन दिवस नीट जेवत नव्हते. शेवटच्या भातावर सासूबाईंनी दही वाढलं, कवडीसारखं घट्ट. "घ्या जावईबापू, आज लागलंय मनासारखं. आपलं विरजण नासलं होतं. खालच्या काकूंकडून चमचाभर आणलं."

मी घास खाली ठेवला. "त्यांना विचारून आणलंत ना?"

"म्हणजे काय, चोरून आणीन?"

"मग काकूंचं दही कमी झालं असेल."

"कमी कशानं होतंय? चमचाभर तर घेतलं. संध्याकाळी त्यांनी दूध घातलं की तेवढंच."

"आणि काकूंनी त्यांचं विरजण कुठून आणलं होतं?"

"माझ्याकडूनच," सासूबाई म्हणाल्या. "चैत्रात त्यांचं मांजराने पाडलं होतं तेव्हा. आणि माझं आलं होतं तुझ्या नणंदेकडून. आज काय हे पोलिसासारखं?"

भावजींनी भात कालवायचं थांबवलं होतं. त्यांच्याच नियमाने एक गोष्ट बदलली होती, आता काय होतं ते बघायचं होतं. मग त्यांनी विचारलं, "पण आई, मूळ विरजण कोणाचं?"

"ते कोणाला ठाऊक? ज्याने पहिलं लावलं त्याचं. त्याला काय ते परत हवं असतं होय? फक्त मागून न्यावं, आणि वाटी रिकामी परत पाठवू नये. एवढंच."

भावजींनी भात संपवला. हात धुतले. मग म्हणाले, "वहिनी, चला."

क्लासमध्ये वर्ग चालू होता. भावजींनी तिथेही चपला बाहेर काढल्या. पोरं त्यांना ओळखत होती आणि आता काय होणार म्हणून टक लावून बघत होती. "सर," ते म्हणाले, "मला तुमच्याकडून थोडं विरजण पाहिजे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "त्या कार्डाचा ड्रायव्हर," मी सांगितलं.

"म्हणजे कॉपी?" सरांनी वेळ घेतला. त्यांची वेळ होती, त्यांनी घेतली. "पण काका, मागे तुम्ही भांड्यांचं काहीतरी म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. न मागता नेलेल्या भांड्यांबद्दल ते अजूनही म्हणतो. हे मी चारचौघांत मागून नेतोय. आणि तुमची वाटी रिकामी परत येणार नाही."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. सरांनी त्याच्याकडे बघितलं तेव्हा थांबलं. मग त्यांनी आपल्या एका फ्लॉपीवर ड्रायव्हर उतरवला आणि दोन्ही हातांनी दिला. माणूस वाईट नव्हता.

ड्रायव्हर घातला, मशीन सुरू केलं, आणि चहाचं पाणी ठेवायच्या आत स्मरणिकेचं पहिलं पान उघडलं. देऊळ. मग घरं. मग डोक्यावर टोपलं घेतलेली, उन्हात डोळे बारीक केलेली मिठागरांवरची माणसं. भावजी एकेक पान खाली सरकवत शेवटपर्यंत गेले. पडदा एकदाही निळा पडला नाही. मनगटाची तार सोडायची विसरून ते उठले आणि खिडकीने त्यांना परत खाली बसवलं.

पुस्तकं दिवसावर गेली. कळसाच्या दिवशी आम्हीही गेलो होतो. मंडपात म्हातारी माणसं पुस्तक डोळ्यांपासून कधी लांब धरत होती, कधी जवळ. एक आजी नातसुनेला सांगत होती, "ही मी नाय. ही माजी बहीन. मी हितं मागं हाय, टोपल्याच्या मागं." अध्यक्षांनी भावजींना शाल घातली आणि कानाशी म्हणाले, "चायपानी काय दिला त्या पोलिसाला?" भावजी म्हणाले, "दही." अध्यक्षांनी हे बहुधा मनावर घेतलं असावं.

घरी आलेल्या प्रतीला सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं. वाहताना म्हणाल्या, "पुस्तक बरं बाई, उघडं तरी असतं. त्या दिवशीच्या त्या काळ्या चौकोनी वडीचं पत्र्याचं झाकण किती कडक. नखाने सरकवावं लागलं. देवाचं तोंड झाकलेलं ठेवून पूजा कशी करायची?"

मी भावजींकडे बघितलं. ते बशीत चहा ओतत होते, आणि चहा बशीत ओतायला जेवढं लक्ष लागतं त्याच्यापेक्षा बरंच जास्त लक्ष देत होते. मी विषय बदलला. जावयाला कोणी बोलत नाही, या पद्धतीचा त्यांनी स्वतःसाठी कधी फायदा करून घेतला नाही. घेतला तो हा एवढाच, सासूबाईंसाठी.

दोन दिवसांनी क्लासवाल्या सरांची फ्लॉपी परत गेली. तिच्यावर रबरबँडने एक कागदाची पुडी बांधलेली होती, आत साखर. त्यानंतर भावजींना नवा छंद लागला. कळंबोलीत, खांदा कॉलनीत, उरणला, जिथे म्हणून कोणाचं मशीन त्या कार्डापायी निळं पडतंय असं कानावर येई, तिथे ते आपल्या हाताने उतरवलेली फ्लॉपी विरजण म्हणून घेऊन जात, चपला बाहेर काढत, जबानी घेत, आणि निघताना बजावत, की वाटी रिकामी परत करायची नाही. फ्लॉपी परत आली की पुडीतली साखर माझ्या डब्यात जाई. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या चहाचा खर्च त्यांच्या दुरुस्तीतून निघायला लागला. सरांच्या क्लासमध्येही ते आठवड्यातून एकदा जाऊन बसत. पोरांना खिडकीला बांधून घ्यायला शिकवत.

पण नवीन मशीनं आली, त्यांना हे कार्ड लागतच नाही. जे काय बोलणं व्हायचं ते आतल्या आत होतं. मीही तसंच घेतलं. ते बंद पडत नाही. भावजी नेमाने येत राहिले, हात-पाय धूत, बसत, चहा एकच घेत. मग त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. सून चांगली आहे, मिक्सरला हात लावू देत नाही. रविवारी त्यांचा फोन येतो. "वहिनी, मशीन कसं आहे?" मी म्हणते, "चालतंय." "अडकत नाही मध्ये?" "नाही." "बरं आहे," असं ते म्हणतात, पण ते त्यांना फारसं बरं वाटत नाही हे फोनवरही कळतं. खोटं बोलून त्यांना खूश करणं मला जमणार नाही, आणि त्यांनीही ते दोन प्रश्नांत पकडलं असतं.

गेल्या महिन्यात उरणहून एक बाई जिना चढून आल्या. त्यांच्या यजमानांचं झेरॉक्सचं दुकान आहे, साफसफाईत ही सापडली म्हणाल्या. फ्लॉपी होती, वर पुडी, रबरबँड वाळून तुटायला आलेला. "काकांनी बजावलं होतं, रिकामी द्यायची नाही," त्या म्हणाल्या. "द्यायचं राहूनच गेलं." त्या चपला दाराबाहेर काढून आल्या होत्या. आता कोणी सांगत नाही.

रविवारी भावजींना सांगितलं. "रिकामी?" त्यांनी विचारलं.

"नाही. साखर होती."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढे थोडा वेळ फोनवर नुसती पुण्याची रहदारी ऐकू आली.

साखर चहात घातली, संपली. फ्लॉपी पंचपाळ्यात ठेवलीय, पिवळ्या स्क्रूंच्या शेजारी. ते कार्ड आता कोणाकडे नाही, मागायला कोणी येणार नाही, हे मला माहीत आहे. पण दारात वाटी घेऊन आलेल्या माणसाला आमच्या घरातून विरजण नाही असं कधी सांगितलेलं नाही.